डोळे दिसतात तोवरच दाखवा

मागच्या आठवड्यात एक गृहस्थ रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला दवाखान्यात आले होते. वय पंचेचाळीसच्या आसपास. मी दिलेली चिठ्ठी त्यांनी हातभर लांब धरली, पुन्हा थोडी जवळ घेतली आणि शेवटी खिशातून चष्मा काढला. मी विचारले, "चाळिशी लागली वाटतं. डोळे कुणाला दाखवले?" ते म्हणाले, "दाखवायचं काय त्यात, डॉक्टरसाहेब? लांबचं सगळं दिसतंय की. वाचण्यापुरता चष्मा बाजारातनं आणलाय."

'दिसतंय की' हे उत्तर मी गेली पंचवीस-तीस वर्षे ऐकत आलो आहे. आजचा लेख या उत्तराविषयीच आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. मी नेत्रतज्ज्ञ नव्हे, साधा एमबीबीएस. परंतु आपल्या भागात डोळ्याचा रुग्ण पहिल्यांदा येतो तो आमच्यासारख्यांकडेच, किंवा थेट औषधाच्या दुकानात. त्यामुळे डोळा वाचणार की जाणार हे पुष्कळदा तिथेच ठरते. हे मी एका प्रसंगातून शिकलो. तो सांगण्यात मला अभिमान वाटण्यासारखे काही नाही, तरी सांगतो.

साधारण वीस वर्षांपूर्वी एक आजी माझ्याकडे गुडघेदुखीसाठी येत असत. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू स्पष्ट दिसत होता. मी म्हणायचो, "आजी, ऑपरेशन करून घ्या." त्या म्हणायच्या, "पिकू द्या की अजून. डाव्यानं दिसतंय मला." मुलगा म्हणे पेरणी झाल्यावर नेतो, मग गौरी-गणपती झाल्यावर, मग सुगी आटोपल्यावर. मीही कधी जोर धरला नाही. दिवाळीनंतर एका रात्री आजींचे डोके प्रचंड दुखू लागले, उलट्या झाल्या. सकाळी मी पित्ताचे इंजेक्शन दिले. डोळा लाल होता, तो डोळे आल्यामुळे असेल असे मी धरून चाललो. टेबलावरची बॅटरी उचलून त्या डोळ्यात पाहिले असते तर कळले असते. तिसऱ्या दिवशी त्यांना सोलापूरला नेले. मोतीबिंदू काढला, दुखणे थांबले, पण त्या डोळ्याला पुन्हा उजेडसुद्धा दिसला नाही.

झाले होते ते असे. आपल्या बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. ते गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. तो फार जुना झाला की काहींच्या बाबतीत भिंग फुगते. डोळ्यात सतत एक पाणी तयार होत असते आणि बारीक वाटेने बाहेर जात असते. फुगलेले भिंग ती वाट बुजवते. मग आतला दाब एकदम वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस दाबली जाऊन दोन-तीन दिवसांत मरते. एक डोळा लाल, त्याच बाजूचे डोके दुखते, उलट्या होतात, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसतात आणि नजर अंधूक होते, अशी लक्षणे एकत्र दिसली तर ते पित्त समजू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. रात्र असेल तर रात्रीच.

मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढता येत नाही, ही समजूत आली कुठून? ती पूर्वी खोटी नव्हती. माझ्या लहानपणी शाळेच्या खोल्यांत, धर्मशाळांत नेत्रशिबिरे भरत. ऑपरेशननंतर रुग्णांना मान न हलवता सतरंजीवर ओळीने झोपवून ठेवत. पुढे जन्मभर सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा वापरावा लागे, कारण जुने भिंग काढले तरी नवे बसवण्याची सोय शिबिरात नसे. अशा वेळी दिसते आहे तोवर ऑपरेशन न करणे हाच शहाणपणा होता. वास्तविक डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांनी लंडनमध्ये १९४९ सालीच केली होती. युद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेसारख्या प्लास्टिकचे तुकडे गेले, तरी डोळ्याने ते सहन केले, हे त्यांच्या लक्षात आले होते. पण ती सुधारणा आपल्या खेड्यापर्यंत यायला चार दशके लागली. आज छोट्याशा छेदातून मोतीबिंदू काढून भिंग बसवतात आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. काळ बदलला, समजूत मात्र तशीच राहिली. आता मोतीबिंदू जितका जुना तितका कठीण आणि काढायला तितकाच अवघड. रोजच्या कामात अडथळा येऊ लागला की ऑपरेशनची वेळ झाली, असे समजावे.

२०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधांपैकी सुमारे दोन तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले. म्हणजे निम्म्याहून अधिक लोक बऱ्या होणाऱ्या आजारामुळे अंधारात आहेत. आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, सरकारी रुग्णालयांत हे ऑपरेशन मोफत होते. शेजारच्या लातूर जिल्ह्यातील माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मोतीबिंदूच्या एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. त्यांना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. अडचण पैशाची थोडी, 'सुगी आटोपल्यावर' याची जास्त.

मोतीबिंदूने गेलेली नजर निदान परत येते. काचबिंदूने गेलेली येत नाही. वर सांगितलेला प्रकार अचानक होतो. पण नेहमीचा काचबिंदू चोरपावलांनी येतो. डोळ्यातला दाब हळूहळू नस खात जातो, दुखत नाही, खुपत नाही. नजर जाते ती आधी कडेची. समोरचे अक्षर स्वच्छ दिसते, म्हणून माणूस 'दिसतंय की' म्हणत राहतो आणि बाजूने आलेली मोटारसायकल त्याला दिसत नाही. दाराच्या चौकटीला खांदा लागतो. समोरचे दिसेनासे होईपर्यंत फार थोडे उरलेले असते. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर धोका इतरांपेक्षा बराच जास्त. वेळीच सापडला तर रोजच्या थेंबांनी आहे ती नजर राखता येते. मात्र हे थेंब जन्मभर टाकावे लागतात. 'थेंब टाकून काही फरक पडेना' म्हणून ते बंद करणारे रुग्ण मी पाहिले आहेत. फरक पडू नये यासाठीच ते थेंब असतात!

म्हणून बाजारातल्या चष्म्यावर माझा राग आहे. त्या काचेने डोळा बिघडतो असे नव्हे. पण चाळिशी लागली म्हणून माणूस आयुष्यात पहिल्यांदा नेत्रतज्ज्ञाकडे जातो, तेव्हा त्याचा दाब मोजला जातो आणि आतला पडदा पाहिला जातो. बाजारात चष्मा घेतला की ही संधी हुकते. चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी आणि साठीनंतर दरवर्षी तपासणी करावी.

मधुमेह्यांनी मात्र वयाचा हिशेब करू नये. शुगर निघाली की त्याच महिन्यात डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा आणि पुढे दरवर्षी. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात तेव्हा चष्म्याचा नंबरही बदललेला नसतो. रक्तस्राव होऊन डोळ्यापुढे काळे जाळे आल्यावर लेसर व इंजेक्शने आहेत, परंतु उपयोग मर्यादित.

आता शेतातल्या डोळ्याकडे वळू. ऊसतोडीत पाचटाचे पान, मळणीयंत्रातून उडालेला सोयाबीनचा कण, ज्वारीचे कूस डोळ्यात जाते. मग पदराच्या टोकाने काढणे, जिभेने काढणाऱ्या बाईकडे जाणे, मध किंवा एरंडेल घालणे सुरू होते. ओल्या पानाच्या जखमेत बुरशी शिरते, बुबुळावर जखम चिघळते आणि बरी झाली तरी मागे पांढरे फूल राहते. त्यातही सर्वांत घातक म्हणजे दुकानातून आणलेले, लाली झटकन घालवणारे थेंब. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली, तेव्हा असे थेंब घरोघर पोहोचले. त्यांतल्या पुष्कळांत स्टिरॉइड असते. लाली जाते, पण बुरशी आत वाढत राहते. वारंवार वापरले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात. घरात अर्धी उरलेली बाटली असेल तर ती टाकून द्यावी. मळणीवर उभे राहताना साधा गॉगल लावावा, कुणी हसले तरी.

तंबाखूचा चुना लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. पुडी किंवा ट्यूब दाबली की तो थेट डोळ्यात उडतो आणि बुबुळ भाजते. असे झाल्यास डॉक्टर शोधत बसू नये. आधी जवळ असेल त्या स्वच्छ पाण्याची धार वीस-तीस मिनिटे पापण्या उघडून डोळ्यावर धरावी, मग दवाखान्यात न्यावे.

मुलांच्या मोबाइलवर बरेच लिहून झाले आहे. इतकेच सांगतो की रोज दोन तास उघड्यावर खेळणाऱ्या मुलांना लांबचा नंबर लागण्याचे प्रमाण कमी आढळते. शाळेत आरोग्य पथक येते त्या दिवशी मुलाला लग्नाला घेऊन जाऊ नये. शेवग्याचा पाला, पपई, लाल भोपळा ताटात असावा. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत 'अ' जीवनसत्त्वाचे डोस चुकवू नयेत.

घरी करण्यासारखी एक तपासणी आहे. भिंतीवरचे कालनिर्णय आठ-दहा फुटांवरून आधी एका डोळ्यावर तळहात ठेवून वाचा, मग दुसऱ्यावर. दोन्ही डोळे एकमेकांचे उणे झाकतात, त्यामुळे एक डोळा गेल्याचे कित्येकांना महिनोन्‌महिने कळत नाही. काचबिंदू मात्र यात सापडणार नाही.

तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात नेत्रविभाग आहे. ग्रामीण रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांकडूनही सुरुवात करता येते. जाताना जुना चष्मा, शुगरचे कागद आणि चालू औषधे सोबत न्यावीत. बाहुली मोठी करण्यासाठी थेंब टाकतात, त्यानंतर काही तास उजेड सहन होत नाही व जवळचे अंधूक दिसते. तेव्हा मोटारसायकल स्वतः चालवत जाऊ नये, घरातले कुणीतरी बरोबर घ्यावे.