बाळंतिणीच्या डोक्यातली यादी

गॅसवरचं दूध उतू जातं, मोबाइल फ्रिजमध्ये सापडतो आणि डॉक्टरांनी पुढची तारीख कोणती दिली ते दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत डोक्यातून गेलेलं असतं. गरोदरपणाचे शेवटचे महिने आणि बाळंतपणानंतरचा काळ असाच गेला, असं अनेक जणी सांगतात. घरात त्यावर हशा पिकतो. ‘बाळ झालं की डोकं असंच चालतं गं,’ असं आजेसासूपासून मालिशवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांचं म्हणणं. पण कालपर्यंत बँकेचे हिशेब किंवा वॉर्डातली औषधं बिनचूक सांभाळणारी बाई मनातून धास्तावते. आपली बुद्धी गेली की काय?

गेलेली नसते. मात्र तिची तक्रारही खोटी नाही.

ऑस्ट्रेलियातल्या डीकिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली आधीच्या २० अभ्यासांची एकत्र छाननी केली. त्यांत ७०९ गरोदर आणि ५२१ गरोदर नसलेल्या स्त्रिया होत्या. स्मरणशक्तीच्या आणि कामाची आखणी करण्याच्या चाचण्यांत गरोदर स्त्रिया थोड्या मागे पडल्या, तेही विशेषतः शेवटच्या तिमाहीत. हा फरक लहान होता आणि बहुतेकींचे गुण सर्वसामान्य मर्यादेतच राहिले.

मेंदूत बदल होतो, हे मात्र आता स्कॅनवर दिसलं आहे. बार्सिलोनातल्या संशोधकांनी २५ पहिलटकरणींच्या मेंदूचे गर्भधारणेआधी आणि बाळंतपणानंतर एमआरआय काढले. २०१६च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मेंदूच्या काही भागांतलं ग्रे मॅटर कमी झालेलं आढळलं. बदल इतका ठळक होता, की नुसत्या स्कॅनवरून कोण आई झाली आहे ते संगणकाला ओळखता आलं. दोन वर्षांनंतरही तो बराचसा टिकून होता. पण याच स्त्रियांच्या स्मरणशक्तीत लक्षणीय घट सापडली नाही. बदललेले भाग मुख्यतः समोरच्याच्या मनातलं ओळखण्याशी संबंधित होते आणि ज्यांच्यात बदल जास्त, त्यांची बाळाशी जवळीकही जास्त दिसली. द्राक्षबागेत छाटणी झाली म्हणून वेल खंगली असं कुणी म्हणत नाही. मेंदूतही अशीच काहीशी छाटणी होत असावी, असा संशोधकांचा कयास आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा विषय तर लिझ क्रॅस्टिल या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ स्वतःच होत्या. गर्भधारणेच्या आधीपासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत त्यांच्या मेंदूचे २६ स्कॅन काढले गेले. त्यांतही हीच घट पायरीपायरीने होताना दिसली.

मग रोजच्या जगण्यात धुकं इतकं दाट का? कॅनडातल्या एका अभ्यासात याचा धागा सापडतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, प्रयोगशाळेच्या शांत खोलीत गरोदर स्त्रियांची स्मरणशक्ती इतरांइतकीच भरली. मात्र घरी जाऊन नंतर आठवणीने करायच्या कामात त्या कमी पडल्या. खोलीत एका वेळी एकच काम असतं. घरात तसं नसतं.

बाळंतिणीचा दिवस जवळून पाहा. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध पितं. म्हणजे रात्रीची सलग झोप संपली. दिवसभरातलं मेंदूत पक्कं बसतं ते झोपेत, आणि इथे झोपेचेच तुकडे पडलेले. त्यात बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतात. आणि तिच्या डोक्यात काय काय असतं? मघाशी कोणत्या बाजूला पाजलं, शू शेवटची कधी झाली, व्हिटॅमिन डीचे थेंब दिले की राहिले. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, लोहाच्या गोळीवर लगेच चहाही नको. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचं लसीकरण. शिवाय बारशाला कुणाला बोलवायचं राहिलं, तेही तिनेच सांगायचं. इतकं ओझं पेलताना एखादी गोष्ट निसटली, की तीच विसरभोळी ठरते.

म्हणून उपाय बदामाच्या वाटीत शोधण्यापेक्षा घराच्या कारभारात शोधलेला बरा. पाजण्याच्या आणि गोळ्यांच्या वेळांचा कागद भिंतीवर लावा. ज्याच्या हाती बाळ, त्याने नोंद करायची. लसीकरणाचं कार्ड बाबांच्या ताब्यात द्या आणि तारखा त्यांच्याच मोबाइलवर लावा. रात्री पाजून झालं की ढेकर काढणं आणि लंगोट बदलणं दुसऱ्या कुणीतरी करावं. सकाळच्या मालिशीनंतर बाळ निजलं, की बाळंतिणीनेही निजावं. त्या वेळी पाहुणे नकोत.

प्रत्येक विसरणं मात्र हसण्यावारी नेऊ नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११च्या खाली असलं, की थकव्यासोबत लक्षही लागेनासं होतं. बाळंतपणानंतर काही जणींचं थायरॉइड बिघडतं. या दोन्ही गोष्टी साध्या रक्ततपासणीत कळतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिलं, बाळ झोपलेलं असूनही झोप येईना, कशातच रस वाटेना, तर ते प्रसूतिपश्चात नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. ‘टेली मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. भास होणं, असंबद्ध बोलणं, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येणं, यांपैकी काहीही दिसलं तर तिला एकटं न सोडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

आणि एरवीच्या तपासणीलाही तिच्यासोबत कुणीतरी जावंच. डॉक्टर काय म्हणाले, तेही तिनेच लक्षात ठेवायचं, असं नको.