खिशातल्या नोटांवरचा देश

दोन माणसं, दोन सॅक, तीन शहरं आणि एक चुकीची नोट. व्हिएतनामच्या भटकंतीत आम्हा नवरा-बायकोला नकाशापेक्षा पाकिटानेच जास्त शिकवलं.

हनोईतली पहिली संध्याकाळ. होआन कीम तळ्याभोवतीचे रस्ते वीकेंडला गाड्यांसाठी बंद असतात, त्यामुळे अख्खं शहर तिथे पायी उतरलेलं. पोरं स्केटिंग करतायत, आज्या घोळक्याने नाचत व्यायाम करतायत, कॉलेजची मुलं परदेशी माणूस दिसला की ‘पाच मिनिटं इंग्लिशमध्ये बोलाल का?’ म्हणून पुढे येतायत. फेब्रुवारीचा शेवट, हवेत बारीक भुरभुर आणि कोपऱ्यावर कोळशावर भाजलेली कणसं. आता मला सांगा, पाऊस आणि भाजलेलं कणीस एकत्र समोर आलं तर कुठला मराठी माणूस नुसता पुढे जाईल? दोन कणसांचे वीस हजार डोंग. दचकू नका, आपल्या एका रुपयाला साधारण तीनशे डोंग पडतात, म्हणजे झाले सत्तरेक रुपये. नवऱ्याने निळी नोट दिली, कणीसवाल्या मावशींनी ती कमरेच्या पाउचमध्ये टाकली आणि आम्ही कणसं खात पुढे निघालो.

रात्री हॉस्टेलवर मी हिशेबाला बसले. पाच लाखांची एक नोट कमी. वीस हजारांची मात्र पाकिटात तशीच होती. व्हिएतनाममध्ये वीस हजारांची नोट निळी असते आणि पाच लाखांचीही निळसरच. दोन्हींवर हो ची मिन्ह यांचा चेहरा. पिवळ्या दिव्याखाली घाईत बघितलं तर फरक कळतो तो फक्त शून्यांचा. मावशींना तरी तो कळला होता की नाही, कोण जाणे.

‘कणसाला दिलीस का रे ती?’ मी विचारलं. तो आधी गप्प बसला. मग म्हणाला, ‘तासाभराने लक्षात आलं होतं. तू अंघोळीला गेलीस तेव्हा धावत जाऊनही आलो. ठेला उठला होता.’

‘मग मला सांगितलं का नाहीस?’

‘सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?’

या प्रश्नाचं उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी चिडलेच असते. आणि मग सांगितलं नाही म्हणून चिडलेच.

सोळाशे रुपयांचं भांडण

तुम्ही म्हणाल, सोळाशे रुपयांवरून एवढं काय? बॅकपॅकिंग केलेल्या कुणालाही विचारा. दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकत आम्ही चौदा महिने या ट्रिपसाठी पैसे साठवले होते. विमानाचं तिकीट सोडून दोघांचा दिवसाचा खर्च चार हजारांत बसवायचा, असं ठरलं होतं. त्यात खोली बाराशेची. म्हणजे दोन कणसांत आमची एक रात्र आणि दोन वेळचं जेवण गेलं होतं.

पण खरं भांडण पैशांचं नव्हतंच. एक्सेल शीट माझी, बुकिंग माझं, ‘आज इतकेच खर्च करायचे’ हे सांगणारीही मीच. तो दोन पावलं मागून चालणारा, गल्लीत शिरणारा, कुठेही थांबून गप्पा मारणारा. घरी हे फरक खपून जातात. तो ऑफिसला जातो, मी माझ्या कामाला. संध्याकाळी दोघं दमलेले असतो. परदेशात चोवीस तास एकाच खोलीत, एकाच पाकिटावर राहायचं म्हटलं की दुसऱ्या दिवशीच सगळं बाहेर येतं. तो म्हणाला, ‘तुझ्याबरोबर फिरताना मला सारखी परीक्षा दिल्यासारखं वाटतं.’ हे मला लागलं. कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वेगळे फिरलो. रागाने नव्हे, ठरवून. रात्रीची हुएची गाडी होती. स्टेशनवर संध्याकाळी भेटू, असं म्हणून तो होआ लो तुरुंग बघायला गेला. फ्रेंचांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा तुरुंग. आधी तिथे व्हिएतनामी क्रांतिकारकांना डांबलं जायचं, पुढे युद्धात पाडलेल्या अमेरिकी विमानांचे वैमानिक तिथे आले. त्यांनीच उपरोधाने त्याला ‘हनोई हिल्टन’ हे नाव दिलं. मी गेले टेम्पल ऑफ लिटरेचरला.

त्याआधी मला हनोईतला रस्ता एकटीने ओलांडायचा होता. हजारो स्कूटर, सिग्नलचा पत्ता नाही. आदल्या दिवशी मी नवऱ्याचा हात धरून पळाले होते. तिथल्या एका मुलीने युक्ती सांगितली. पळायचं नाही, मध्येच थांबायचं नाही, मागे तर अजिबात फिरायचं नाही. एका संथ चालीने चालत राहायचं, स्कूटरवाले तुमच्या चालीचा अंदाज घेऊन बाजूने वळतात. आणि खरंच, नदीचं पाणी दगडाच्या दोन्ही बाजूंनी जावं तशा स्कूटर माझ्या बाजूने निघून गेल्या.

टेम्पल ऑफ लिटरेचरची स्थापना 1070 ची. कन्फ्युशियसचं हे मंदिर, 1076 मध्ये त्याला जोडून राजघराण्याची विद्यापीठासारखी संस्था सुरू झाली. तुम्हाला आवडेल ती गोष्ट आतल्या अंगणात आहे. दगडी कासवांच्या पाठीवर उभे 82 शिलालेख आणि त्यांवर 1442 ते 1779 या काळातल्या सर्वोच्च परीक्षा पास झालेल्यांची नावं. मेरिट लिस्टच म्हणा ना, फक्त दगडात कोरलेली. परीक्षेआधी कासवाच्या डोक्यावरून हात फिरवला की पेपर चांगला जातो, असं तिथली मुलं मानायची. इतके हात फिरले की आता कासवांभोवती कठडा घातलाय. आपल्याकडे सबमिशनच्या आदल्या दिवशी गणपतीला जाणाऱ्यांनी हसू नये.

अंगणात पदवीचे झगे घातलेल्या मुलामुलींचं फोटोसेशन चाललं होतं. मी दोन तास नुसती बसून होते. शीटमध्ये त्या जागेला चाळीस मिनिटं दिली होती.

वरच्या बर्थवर पसरलेल्या नोटा

हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा रेल्वेमार्ग 1,726 किलोमीटरचा. 1936 मध्ये तो पूर्ण झाला, युद्धात तुटला आणि देश एकत्र झाल्यावर 1976 च्या अखेरीला पुन्हा जोडला गेला. म्हणून या गाड्यांना ‘रीयुनिफिकेशन एक्सप्रेस’ म्हणतात. आम्ही त्यातलं हुएपर्यंतचं अंतर रात्रीच्या गाडीने काटलं. चार बर्थचा डबा, खाली एक आजी-आजोबा, वर आम्ही दोघं समोरासमोर.

गाडी सुटल्यावर नवऱ्याने पाकीट काढलं आणि सगळ्या नोटा बर्थवर पसरल्या. मला वाटलं, आता पुन्हा सुरू. तर तो म्हणाला, ‘ही शंभर हजाराची मागची बाजू बघ. तू सकाळी कुठे होतीस?’ हिरव्या नोटेवर टेम्पल ऑफ लिटरेचरचा मनोरा होता. पन्नास हजाराच्या गुलाबी नोटेवर हुए, जिथे आम्ही सकाळी पोहोचणार होतो. आणि त्या कुप्रसिद्ध वीस हजाराच्या निळ्या नोटेवर होई आनचा जपानी पूल, आमचा शेवटचा मुक्काम.

त्याने दिवसभर नोटांचा अभ्यास केला होता. पाच लाखांच्या नोटेवर हो ची मिन्ह यांचं जन्मगाव आहे, हेही त्यानेच सांगितलं. ‘आता चूक होणार नाही. पूल असेल तर वीस हजार, घर असेल तर हात आखडता.’

मग आम्ही कामांची अदलाबदल केली. उद्यापासून हिशेब तो लिहिणार, पाकीट मी सांभाळणार. आणि एक नियम ठरला. चूक झाली की लगेच सांगायची, आणि ऐकणाऱ्याने त्या दिवशी फक्त ‘बरं, आता काय करायचं?’ एवढंच विचारायचं. बाकीचं दुसऱ्या दिवशी.

हुए: रिझल्ट लागायचा तो मंडप

हुए म्हणजे 1802 ते 1945 या काळातल्या न्गुएन राजघराण्याची राजधानी. शहराच्या मधोमध संथ वाहणारी परफ्यूम नदी, एका बाजूला खंदक आणि जाड तटबंदीचा किल्ला. किल्ल्यात शिरल्यावर आधी भव्यता जाणवते, मग रिकामेपणा. 1968 मध्ये इथे महिनाभर घनघोर लढाई झाली आणि राजवाड्याच्या कित्येक इमारती जमीनदोस्त झाल्या. लाल खांबांच्या दुरुस्त केलेल्या दालनांना लागूनच गवत उगवलेले मोकळे चौथरे दिसतात. काही भिंतींवर गोळ्यांच्या खुणा तशाच आहेत.

पन्नास हजाराच्या नोटेवरचा मंडप नदीकाठी आहे. नाव फू वान लाउ, 1819 चा. राजाचे हुकूम इथे लावले जायचे आणि शाही परीक्षेचे निकालही. म्हणजे हनोईत मेरिट लिस्ट आणि इथे रिझल्टचा बोर्ड! मी नोट धरून मंडपासमोर उभी राहिले आणि आपलं नाव शोधत इथे धडपडणाऱ्या पोरांचा विचार करत बसले. सर्व्हर डाऊन होण्याची भीती तरी त्यांना नव्हती.

त्या रात्री माझी पाळी आली. दा नांगच्या गाडीची तिकिटं मी बुक केली होती आणि तारीख चुकली होती. एक्सेलच्या राणीने एक दिवस पुढची तारीख टाकली होती. क्षणभर वाटलं, सकाळी गुपचूप नवी तिकिटं काढावीत, त्याला कळणारही नाही. मग कणसं आठवली. सांगून टाकलं. तो तोंड दाबून हसला, पण नियमाप्रमाणे म्हणाला, ‘बरं, आता काय करायचं?’ सकाळी लवकर स्टेशनवर जाऊन नवी तिकिटं काढली. आधीचे पैसे गेले. पण भांडण झालं नाही.

हुए ते दा नांग हा टप्पा मात्र कुणीही चुकवू नका. जेमतेम तीन तासांचा प्रवास, पण गाडी हाय वान घाटात समुद्राला अगदी चिकटून वळणं घेते. दक्षिणेकडे जाताना डावी खिडकी पकडा. एका बाजूला जंगल आणि दुसऱ्या बाजूला खाली फेसाळणारं पाणी. कोकण रेल्वेची आठवण हमखास येते.

होई आन: नोटेवरचा पूल

होई आनला रेल्वे नाही. दा नांगहून तीसेक किलोमीटर रस्त्याने जायचं. एकेकाळी चिनी आणि जपानी व्यापाऱ्यांनी गजबजलेलं हे बंदर. पुढे नदीत गाळ साचला, व्यापार दा नांगला गेला आणि गाव होतं तसंच राहिलं. पिवळ्या भिंती, लाकडी घरं आणि संध्याकाळी लागणारे शेकडो आकाशकंदील. दिवाळीच आपली. 1999 पासून हे गाव जागतिक वारसा यादीत आहे.

तिथून साधारण चाळीस किलोमीटरवर मी सन आहे. चाम राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकात बांधलेली, मुख्यतः शंकराची, विटांची देवळं. संस्कृत शिलालेख आणि शेजारी बॉम्बने पडलेले खड्डे, दोन्ही एकाच आवारात. 1969 च्या बॉम्बवर्षावात इथलं सर्वांत उंच देऊळ कोसळलं. अलीकडे त्यातल्या काही देवळांची दुरुस्ती आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केली आणि 2020 मध्ये त्या कामातच नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. घरापासून इतक्या लांब पिंडीसमोर उभं राहिल्यावर नवऱ्याने नकळत चप्पल काढली.

शेवटच्या संध्याकाळी जपानी पुलावर गेलो. छप्पर असलेला, चारशे वर्षांच्या आसपासचा हा छोटासा पूल. एका टोकाला कुत्र्यांच्या मूर्ती, दुसऱ्या टोकाला माकडांच्या. नोटेवर भव्य वाटतो, प्रत्यक्षात वीस-पंचवीस पावलांत संपतो. पलीकडे एक काकू कणसं भाजत होत्या. मी पाकिटातून निळी नोट काढली. नवऱ्याने ती हातात घेतली, उलटी केली, पूल आहे याची खात्री केली आणि मग दिली.

तुम्ही निघताय?

जोडी म्हणजे नवरा-बायकोच असं नाही. रूममेट, बहीण, शाळेतली मैत्रीण, कुणाबरोबरही निघा. पण एवढं लक्षात ठेवा.

पैशांचं आधी बोला: दिवसाला किती, कशावर जास्त आणि कशावर अजिबात नाही, हे विमानात बसण्याआधी ठरवा. न बोललेलं बजेट तिसऱ्या दिवशी भांडण होऊन बाहेर येतं.

कामं बदला: एकच जण सतत प्लॅनिंग करत असेल तर तो थकतो आणि दुसरा नुसता पाहुणा होतो.

काही तास एकटे फिरा: संध्याकाळी एकमेकांना सांगण्यासारखं काहीतरी हवं ना.

व्हिसा: व्हिएतनामचा ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा मिळतो, एका प्रवेशासाठी शुल्क 25 डॉलर. तिथल्या सरकारच्या साइटवरूनच काढा. पासपोर्ट किमान सहा महिने वैध असू द्या.

जेवण: शाकाहारी असाल तर ‘आन चाय’ हे दोन शब्द पाठ करा. तिथे ‘चाय’ म्हणजे चहा नव्हे, शाकाहार. भाजीतही माशाचा सॉस असू शकतो, म्हणून पाटीवर ‘चाय’ लिहिलेलं ठिकाण शोधा. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले अनेक बौद्ध शाकाहारच करतात, तेव्हा पर्याय वाढतात. आणि हनोईत अंडं फेटून केलेली कॉफी नक्की प्या. 1940 च्या दशकात दुधाची टंचाई होती, त्यातून ती जन्मली.

नोटा: मोठ्या एका कप्प्यात, लहान दुसऱ्या. देण्याआधी शून्यं मोजा.

आणि तरीही चूक झालीच, तर बरोबरच्या माणसाला सांगा. त्याच रात्री.