घरातला समुद्र (लेखांक ७) : टाकी २७० लिटरची, पाणी किती?

गेल्या आठवड्यात आपण दगड रचले. आता टाकीत मीठ, औषध, कॅल्शियम काहीही घालायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो पाण्याचा : टाकीत नेमकं किती पाणी आहे? दुकानदार सांगतो, ‘२७० लिटर.’ तो खोटं बोलत नाही. पण तो टाकीचं माप सांगतो, पाण्याचं नाही.

माझ्या पहिल्या टाकीच्या वेळी हा फरक मला ठाऊक नव्हता. पाण्याची क्षारता एक डीकेएचने वाढवायला लिटरमागे साधारण ३० मिलिग्रॅम खायचा सोडा लागतो. मी २७० लिटर धरून ८ ग्रॅम सोडा विरघळवून घातला. क्षारता वाढली ती जवळजवळ १.३. एका वेळी एवढ्याने प्रवाळ मरत नाहीत. पण रोज हेच माप घालत राहिलो असतो तर पंधरवड्यात त्यांची टोकं पांढरी पडायला वेळ लागला नसता. माझी वजनं बरोबर होती, सोडा बरोबर होता. चुकला होता तो पाण्याचा आकडा.

तो कसा चुकला ते त्याच टाकीवरून पाहू. बाहेरून लांबी १२० सेंमी, रुंदी ४५ आणि उंची ५०. गुणाकार २,७०,००० घनसेंमी, म्हणजे २७० लिटर. पण काच १० मिलिमीटरची आहे. म्हणून आतली लांबी ११८ आणि रुंदी ४३ सेंमी. तळाची काच १ सेंमी खाते, आणि काठोकाठ तर कोणी भरत नाही. वर ४ सेंमी मोकळे. पाण्याची उंची उरली ४५. आता गुणाकार करा : २२८ लिटर. दगड-वाळू दूरच, नुसत्या काचेने आणि मोकळ्या काठाने ४२ लिटर खाल्ले.

याच गणितातला एक आकडा लिहून ठेवा. ११८ गुणिले ४३ म्हणजे ५,०७४. तेव्हा या टाकीत पाण्याची पातळी १ सेंमी चढली की ५ लिटरचा फरक पडतो. बाहेरच्या काचेवर चिकटवलेली साधी मोजपट्टी मग आपलं मोजपात्र होते.

आता वाळू. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट आपण सगळेच शाळेत शिकलो. पण रांजणात पाणी अगदीच कमी असतं, तर खडे टाकून टाकून कावळा थकला असता आणि पाणी वर आलंच नसतं. ते खड्यांच्या फटींतच राहिलं असतं. वाळूचंही तसंच. ३ सेंमी थराचा ढीग १५ लिटरचा दिसतो, पण त्यातला ढोबळमानाने ४० टक्के भाग फटींचा, म्हणजे पाण्याचाच. वाळूने खरी अडवलेली जागा ९ लिटर.

दगडाच्या बाबतीत डोळे जास्त फसवतात. २५ किलो सच्छिद्र दगडाची रास अर्धी टाकी व्यापते, आणि पाहणाऱ्याला वाटतं की निम्मं पाणी गेलं. पण हा दगड मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. त्याच्या घन भागाची घनता २.७ ते २.९ च्या घरात. २५ भागिले २.८ केलं की उत्तर ९ लिटर! तेवढ्याच वजनाचा सह्याद्रीचा काळा पत्थर रचला तर तो कितीतरी लहान दिसेल, पण पाणी जवळपास तितकंच सारील. म्हणून दगडाचा पसारा पाहू नका, वजन पाहा.

खात्री करायची तर प्रवासी बॅगा तोलायचा लोंबता काटा पुरे. कोरडा दगड तोला, समजा ३ किलो भरला. मग तो दोरीला बांधून गोड्या पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. बुडबुडे थांबेपर्यंत, शक्य तर रात्रभर, थांबा. आता काटा १.९ दाखवतो. कमी झालेले १.१ किलो म्हणजेच दगडाने सारलेलं १.१ लिटर पाणी. आर्किमिडीजचा नियम यापेक्षा वेगळं काही सांगत नाही. घाईने तोललंत तर छिद्रांतली हवा दगडाला उचलून धरते आणि उत्तर फुगतं.

हिशेब जोडू : २२८ वजा ९ वजा ९, म्हणजे २१०. पाटीवरच्या आकड्यापेक्षा २२ टक्के कमी.

टाकीखाली सम्प, म्हणजे पंपाने जोडलेली दुसरी टाकी, असेल तर त्यातलं पाणी मिळवायचं. आत ५५ बाय ३३ सेंमी आणि पाण्याची उंची २२ असेल, तर ४० लिटर, एकूण २५०. मात्र दोन्ही पातळ्या पंप चालू असतानाच मोजा. वीज गेली की वरचं काही पाणी खाली उतरतं. वरची पातळी पंप चालू असताना आणि खालची बंद असताना मोजलीत, तर तेच पाणी दोनदा धरलं जाईल.

टाकी अजून भरायचीच असेल, तर या सगळ्यापेक्षा सोपा मार्ग आहे : दगड-वाळू रचून झाल्यावर बादल्या मोजत भरा. बादलीवरच्या खुणांवर मात्र विसंबू नका. ती एकदा वजनकाट्यावर ठेवून पाहा. गोडं पाणी लिटरला १ किलो भरतं, समुद्राचं १.०२५.

एवढं करूनही पाच-दहा लिटर इकडेतिकडे होतीलच, आणि त्याने बिघडत नाही. घरगुती चाचणीसंचाची चूकही तेवढी असते. चूक कोणत्या बाजूला होते ते महत्त्वाचं. पाणी कमी धरलं तर मात्रा कमी पडते, ती उद्या वाढवता येते. जास्त धरलं तर घातलेलं परत काढता येत नाही. तांब्याच्या औषधात तर गुणकारी आणि घातक मात्रांत फारसं अंतर नसतं. ते औषध दगड नसलेल्या वेगळ्या टाकीतच द्यायचं, आणि तिचंही पाणी आधी मोजायचं. शंका असेल तिथे लहान आकडा धरा.

आणि एक विनंती. मोजायला दगड हवा म्हणून किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलू नका. रीफ बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. माणसाने बनवलेले दगड मिळतात, ते घ्या.

पुढच्या आठवड्यात मीठ कालवायचं आहे. त्याआधी तुमचा आकडा काढून टाकीखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.