अँग्लिकन मंडळी आणि ऐक्याचा प्रश्न

मुंबईस एकदा तरी जाऊन आलेल्या माणसाला चर्चगेट ठाऊक नाही, असे सहसा होत नाही. पण या नावातले चर्च कोणते, असे विचारले तर पुष्कळांना क्षणभर थांबावे लागेल. मुंबईच्या जुन्या किल्ल्याचा एक दरवाजा सेंट थॉमस चर्चच्या वाटेवर होता, म्हणून त्याला ते नाव पडले. १८६० नंतर तट पाडला गेला, दरवाजा गेला, नाव तेवढे उरले. चर्च मात्र अद्याप उभे आहे. १७१८ साली नाताळात ते उपासनेसाठी उघडले गेले आणि १८३७ साली मुंबईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाल्यावर बिशपचे आसन तेथे आले. हे चर्च इंग्लंडच्या चर्चचे, म्हणजे अँग्लिकन पंथाचे. आज मात्र ते ज्या संस्थेच्या छत्राखाली आहे, तिच्या नावात अँग्लिकन हा शब्द शोधूनही सापडणार नाही. तिचे नाव आहे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया.

श्रोतेहो, हा केवळ पाटी बदलण्याचा प्रकार नव्हे. एका धर्मपंथाने आपल्या शेजारी पंथांशी एक होण्यासाठी आपले नाव स्वेच्छेने सोडून दिले, अशी ही घटना आहे. आणि ज्या काळात जगभरची अँग्लिकन मंडळी आपापसांत फुटण्याच्या बेतात आहे, त्या काळात या घटनेकडे पुन्हा एकदा पाहणे उपयुक्त ठरेल.

प्रथम अँग्लिकन म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. १५३४ साली राजा आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत इंग्लंडच्या चर्चने रोमच्या पोपची सत्ता झुगारली. पण युरोपातील इतर सुधारकांप्रमाणे जुने सगळेच टाकून दिले नाही. बिशप राहिले, वेदी राहिली, ठरलेल्या शब्दांतील प्रार्थना राहिल्या; त्या लॅटिनऐवजी इंग्रजीत होऊ लागल्या, एवढेच. ब्रिटिश साम्राज्याबरोबर हे चर्च जगभर गेले. पण पोपसारखी सर्वांवर आज्ञा चालवणारी गादी त्याला नाही. कँटरबरीच्या आर्चबिशपला मान आहे, हुकूम नाही. १८६७ पासून साधारणपणे दर दहा वर्षांनी जगातील बिशप लॅम्बेथ परिषदेत एकत्र येतात. तेथील ठराव कोणत्याही देशातील चर्चवर कायद्याने बंधनकारक नसतात. १८८८ च्या परिषदेने ऐक्याचे चार पाये सांगितले: पवित्र शास्त्र, प्राचीन मतांगीकार, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन विधी आणि परंपरेने चालत आलेले बिशपपद. पहिल्या तिन्हींवर इतर प्रॉटेस्टंट पंथांशी वाद होण्याचे फारसे कारण नव्हते. घोडे अडले ते चौथ्यापाशी.

हे बिशपपद इतके महत्त्वाचे का? अँग्लिकन समजूत अशी की, येशूच्या प्रेषितांपासून आजवर एका बिशपने दुसऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून दिलेली दीक्षा अखंड चालत आली आहे. आपल्याकडील गुरुपरंपरेची कल्पना ज्यांना परिचित आहे, त्यांना यातील जिव्हाळा सहज कळेल. आता प्रेस्बिटेरियन किंवा काँग्रिगेशनल पंथात बिशपच नाही. तेथील पाळकाला दीक्षा इतर पाळक व मंडळी देतात. मग अशा पाळकाच्या हातून घेतलेले प्रभुभोजन खरे की नाही? बाहेरच्याला हा प्रश्न बारीकसारीक वाटेल. पण ज्याने तीस वर्षे गावोगाव हिंडून मंडळीची सेवा केली, त्या पाळकाला 'तुमची दीक्षा अपुरी आहे, ती आमच्याकडून पुन्हा घ्या' असे सांगणे म्हणजे त्याचे उभे आयुष्य नाकारण्यासारखे होते.

या पंथभेदांचे ओझे एका मराठी स्त्रीला फार लवकर जाणवले होते. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे, अँग्लिकन भगिनींच्या आश्रमात, मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या या निर्णयामागे अँग्लिकन धर्मगुरू झालेले मराठी पंडित नेहेम्या गोरे यांचा प्रभाव होता. पण रमाबाई ख्रिस्ती झाल्या म्हणजे अँग्लिकन शिस्तीला मुकाट्याने वश झाल्या, असे मुळीच घडले नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो प्रसिद्ध आहे. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून नुकतीच सुटका करून घेतलेली मी दुसऱ्याचे जोखड का घेऊ, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा तर हा प्रश्न केवळ तत्त्वाचा राहिला नाही. पुढे केडगावचे मुक्ती सदन त्यांनी उभारले ते कोणत्याही एका पंथाच्या चौकटीबाहेर. दुसरीकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे बिशप न मानणाऱ्या परंपरेतले. पण त्यांची मराठी भजने सर्व पंथांच्या मंडळ्यांत गायिली गेली. दीक्षेचा वाद मिटण्यापूर्वीच उपासनेतील गाणे एक झाले होते, असे म्हणता येईल.

ऐक्याचा खरा प्रयत्न दक्षिणेत झाला. १९१९ साली तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे काही पाळक जमले. त्यात जवळजवळ सगळे भारतीय होते आणि त्यांचे पुढारी होते व्ही. एस. अझरिया, भारतीयांतून झालेले पहिले अँग्लिकन बिशप. त्यांचे म्हणणे सरळ होते. हे पंथभेद युरोपच्या इतिहासात जन्मले. त्यांच्या निर्मितीत आमचा हात नाही, ते आमच्यावर लादले गेले आहेत. आणि या देशात मूठभर असलेल्या ख्रिस्ती समाजाने आपापसांत विभागून कोणाला प्रेमाचा संदेश द्यायचा? तेथून सुरू झालेल्या वाटाघाटी तब्बल २८ वर्षे चालल्या. अझरिया १९४५ च्या पहिल्याच दिवशी वारले. फळ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कथीड्रलमध्ये अँग्लिकन, मेथॉडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेतील मंडळ्या मिळून चर्च ऑफ साऊथ इंडिया स्थापन झाले.

दीक्षेचा पेच त्यांनी कसा सोडवला? ज्यांची दीक्षा आधी झाली आहे त्या सर्वांना आहे तसे स्वीकारावे, कोणाचीही दीक्षा पुन्हा होऊ नये. यापुढे मात्र प्रत्येक दीक्षा बिशपच्या हातून व्हावी. शिवाय, मनाला न पटणारा पाळक किंवा उपासनापद्धती कोणत्याही मंडळीवर लादली जाणार नाही, असे वचन देण्यात आले. म्हणजे बिशप नसलेल्यांनी बिशप स्वीकारला आणि बिशप असलेल्यांनी बिशपविना झालेली सेवा खरी मानली. लेस्ली न्यूबिगिन हे स्कॉटिश परंपरेतले प्रेस्बिटेरियन मिशनरी त्याच वेळी बिशप झाले, यावरून या देवघेवीची कल्पना येईल.

पण याची किंमत पडली. अँग्लिकन जगाने या नव्या चर्चला लगेच पोटाशी धरले नाही. १९४८ च्या लॅम्बेथ परिषदेत त्याच्या दीक्षांविषयी बिशपांचे एकमत होऊ शकले नाही. संयुक्त चर्चांना परिषदेचे पूर्ण सभासद म्हणून बोलवावे, असा ठराव होण्यास १९८८ साल उजाडले. देशातही सगळे एकदम आले नाहीत. आंध्रातील नंद्याल भागातल्या अनेक अँग्लिकन मंडळ्या बाहेरच राहिल्या. जुन्या मिशनशी निष्ठा होती, आणि आपल्याला मिळालेला वारसा पातळ होईल ही भीतीही होती. त्या भीतीला हसून चालणार नाही. ज्या समाजाला जगात दुसरे फारसे काही मिळालेले नसते, त्याला मिळालेला धर्माचा मान तो घट्ट धरून ठेवतो. नंद्यालच्या मंडळ्या १९७५ साली आल्या, तब्बल २८ वर्षांनी. आणि आल्या त्या स्वतःहून.

उत्तरेकडील ऐक्य २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कथीड्रलमध्ये झाले. येथे प्रकरण अधिक अवघड होते, कारण सहा चर्चांमध्ये बॅप्टिस्ट आणि ब्रदरन हेही होते. ते लहान मुलाचा बाप्तिस्मा मानत नाहीत. कळत्या वयात स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा द्यावा, असे त्यांचे मत. नव्या चर्चने दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या. ज्या आईबापांना हवे त्यांनी बाळाचा बाप्तिस्मा करावा आणि पुढे त्याचे दृढीकरण व्हावे; ज्यांना नको त्यांनी बाळाला देवापुढे आणून अर्पण करावे आणि बाप्तिस्मा मोठेपणी व्हावा. दीक्षेच्या बाबतीत दक्षिणेपेक्षा वेगळा मार्ग निघाला. सर्व परंपरांच्या सेवकांनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवले आणि ज्याला ज्याची उणीव असेल ते देवाने द्यावे, अशी प्रार्थना केली. कोणात काय उणे आहे, हे कोणी बोलून दाखवले नाही. काहींना ही पळवाट वाटली. पण विचार केला तर त्यात एक खोल शहाणपण आहे. समोरच्याने आधी आपली चूक कबूल करावी, मग ऐक्याचे बोलू, अशी अट घातली तर ऐक्य कधीच होत नाही.

या सगळ्याला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. शेवटच्या टप्प्यावर अमेरिकन परंपरेतील मेथॉडिस्ट चर्च बाहेर राहिले. जमिनी, शाळा आणि दवाखाने कोणाच्या मालकीचे, यावरून कोर्टकज्जे झाले. गुजरातमधील ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ साली निकाल लागला तो असा की, विलीनीकरणाचा केवळ ठराव केल्याने सार्वजनिक विश्वस्तनिधीची मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही. हृदये जुळली तरी सात-बारा वेगळे राहतात, ही गोष्ट आपल्याकडे कोणत्याही एकत्र कुटुंबाला समजावून सांगावी लागणार नाही.

आता जागतिक अँग्लिकन मंडळीकडे पाहा. २००३ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर येथे उघडपणे समलिंगी जोडीदारासह राहणाऱ्या धर्मगुरूला बिशप केले गेले आणि वाद पेटला. २००८ साली जेरुसलेम येथे रूढ मताच्या बिशपांनी गॅफकॉन ही वेगळी चळवळ उभी केली. तिचे बळ मुख्यतः आफ्रिकेत. २०२२ च्या लॅम्बेथ परिषदेला नायजेरिया, युगांडा आणि रवांडा येथील बिशप गेले नाहीत. २०२३ साली इंग्लंडच्या चर्चने समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांना वाट दिली, तेव्हा ग्लोबल साउथमधील अनेक प्रमुखांनी कँटरबरीचा आर्चबिशप हा आता समानांतला पहिला नाही, असे जाहीर केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या पदासाठी सारा मलाली यांचे, म्हणजे प्रथमच एका स्त्रीचे, नाव घोषित झाले. त्याच महिन्यात गॅफकॉनने कँटरबरीभोवतीच्या जुन्या व्यवस्थांशी संबंध तोडत असल्याचे निवेदन काढले.

दोन्ही बाजूंना आपापली सदसद्विवेकबुद्धी आहे आणि प्रश्न खरोखर कठीण आहे. भारतातील पूर्वीचा पेच आणि आजचा पेच एकच नव्हेत. तेव्हा प्रश्न होता दीक्षेचा. आज आहे शास्त्राच्या अर्थाचा आणि माणसांच्या जिवाभावाच्या नात्यांचा. म्हणून जुना तोडगा उचलून येथे बसवता येणार नाही. पण जो स्वभाव त्या तोडग्यामागे होता, तो मात्र शिकण्याजोगा आहे. नाव हीच ओळख, असे आपल्या चर्चने मानले नाही. नाव सोडूनही बिशप राहिले, ठरलेल्या शब्दांतील प्रार्थना राहिल्या, प्रभुभोजनाची वेदी राहिली. उलट, त्या ठेव्याचा उपभोग ज्यांना पूर्वी नव्हता, त्यांनाही तो मिळाला. आणि आज ही संयुक्त चर्चे अँग्लिकन, मेथॉडिस्ट व प्रेस्बिटेरियन परंपरांच्या जागतिक संघटनांत एकाच वेळी सभासद आहेत. एक घर सोडले, तर तीन घरांचे नाते आले.

शेवटी नंद्यालचीच गोष्ट सांगून मी रजा घेतो. वारसा पातळ होईल म्हणून जे २८ वर्षे उंबऱ्याबाहेर थांबले, त्याच नंद्यालच्या धर्मप्रांतात २०१३ साली एग्गोनी पुष्पललिता या बिशप झाल्या. दक्षिणेच्या चर्चमधील त्या पहिल्या स्त्री-बिशप. इंग्लंडच्या चर्चला आपली पहिली स्त्री-बिशप लाभली ती त्यानंतर, २०१५ साली. नंद्यालवर कोणी बळजबरी केली नव्हती; त्यांच्यासाठी दार उघडे ठेवून वाट पाहिली गेली होती. ऐक्याला किती वर्षे लागतात, याचा हिशेब आधी मांडता येत नाही. दार उघडे ठेवणे तेवढे आपल्या हाती असते.