अर्धपोटी राहिलेल्या किशोरवयीन मुलामुलींचा आहार टप्प्याटप्प्याने वाढवा

मोसंबीच्या बागेचा ताण तोडताना आपण पहिल्याच दिवशी आळी तुडुंब भरत नाही. आधी हलके आंबवणीचे पाणी देतो, काही दिवसांनी चिंबवणीचे आणि त्यानंतर नेहमीच्या पाळ्या सुरू करतो. जालना-पैठण भागातील बागायतदारांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. मात्र घरातले मूल महिनोन्महिने अर्धपोटी राहून परत आले, की हाच नियम आपण विसरतो आणि पहिल्याच दिवशी ताट भरून वाढतो. त्यामागे माया असते, पण अति अशक्त मुलाच्या बाबतीत ती जिवावरही बेतू शकते.

अर्धपोटी का राहतात?

शिक्षणासाठी तालुक्याला किंवा शहरात खोली करून राहणारी मुले पैसे वाचवण्यासाठी एका डब्यात दोघे जेवतात. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतील मुलांच्या जेवणाचे हाल होतात. अनेक घरांत मुली शेवटी जेवतात आणि उरेल त्यावर भागवतात. काही मुले-मुली बारीक दिसण्याच्या हौसेने जेवण तोडतात. प्रस्तुत लेखकानेही अकरावी-बारावीची दोन वर्षे एका डब्यावर काढली. सुट्टीत घरी गेल्यावर आईने पहिल्याच दिवशी पुरणपोळीचे जेवण घातले आणि पुढचे तीन दिवस पोटफुगी व जुलाबात गेले. तेवढ्यावर निभावले, पण प्रत्येकाचे तसे निभावेलच असे नाही.

हेच वय उंची, हाडे व रक्त भरण्याचे असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १६ ते १८ वयाच्या मुलाला रोज सुमारे ३,३०० आणि मुलीला २,५०० उष्मांक लागतात. महाराष्ट्रात १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुली रक्तक्षयी असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले आहे.

एकदम खाण्यात धोका काय?

पिकाला लागणारे स्फुरद, पालाश व मॅग्नेशियम माणसाच्या शरीरालाही लागतात. उपासमारीत शरीर स्वतःची चरबी व स्नायू जाळते आणि पेशींतील या द्रव्यांचा साठा संपत जातो. रक्ततपासणीत मात्र प्रमाण पुष्कळदा ठीक दिसते. अशा वेळी एकदम भात, साखर, गोडधोड पोटात गेले की इन्सुलिन वाढते आणि साखरेबरोबर ही द्रव्येही रक्तातून पेशींत ओढली जातात. रक्तातील त्यांची पातळी झपाट्याने घसरते. ब-१ जीवनसत्त्वही भराभर खर्च होते. परिणामी पायांवर सूज येते, छातीत धडधडते, धाप लागते, भोवळ येते व क्वचित मृत्यूही ओढवतो. हा धोका आहार वाढवल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असतो. दुसऱ्या महायुद्धातून सुटलेल्या अर्धपोटी कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हा प्रकार प्रथम नीट नोंदवला.

आधी डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

पुढीलपैकी एकही लक्षण असल्यास घरी प्रयोग करू नये:

१) तीन ते सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजन घटणे (५० किलोचे ४५ किलोच्या खाली येणे).
२) पाच दिवस किंवा अधिक काळ जवळजवळ काहीच न खाणे.
३) भोवळ, धडधड, पायांवर सूज किंवा सतत उलट्या.
४) मुलीची पाळी बंद होणे.
५) वयाच्या मानाने अतिशय हडकुळे असणे.

अशा मुलास ग्रामीण रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगर येथील घाटी रुग्णालयात न्यावे. तेथे रक्त तपासून, ब-१ जीवनसत्त्व देऊन, आहार थोडा थोडा वाढवला जातो. लोहाच्या गोळ्याही अशा मुलास डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्याव्यात.

घरी आहार कसा वाढवावा?

वरील लक्षणे नसलेल्या, पण कमी जेवणाऱ्या मुलांसाठी पुढील ढोबळ क्रम ठेवावा.

पहिला आठवडा (आंबवणी) : सध्याचे जेवण तसेच ठेवावे. सकाळी एक कप दूध किंवा दही व संध्याकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे एवढीच भर घालावी. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे १७० उष्मांक मिळतात. दिवसातून दोनदा पोटभर जेवण्यापेक्षा पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे.

दुसरा आठवडा (चिंबवणी) : दोन्ही जेवणांत अर्धी-अर्धी भाकरी आणि एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ वाढवावी. चालत असल्यास रोज एक अंडे द्यावे.

तिसऱ्या आठवड्यापासून : भाजीत तेल, भाकरीवर तूप, तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू अशी भर घालत वयाच्या गरजेपर्यंत जावे.

पोट फुगल्यास दोन-तीन दिवस त्याच टप्प्यावर थांबावे, मागे फिरू नये. आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर वजन करावे. आठवड्याला सुमारे अर्धा किलो वाढ समाधानकारक समजावी.

आपल्याच शेतातील धान्य वापरा

येथील राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्पात विकसित झालेल्या बाजरीच्या एएचबी १२०० या लोहयुक्त संकरित वाणाच्या किलोभर धान्यात सुमारे ७३ मिलिग्रॅम लोह असते. साध्या वाणांत ते ४५ ते ५० मिलिग्रॅम असते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा परभणी शक्ती हा ज्वारीचा वाणही (२०१८) लोह व जस्त यांनी समृद्ध आहे. घरापुरता एखादा पट्टा या वाणांचा पेरावा. भाकरीसोबत लिंबू किंवा आवळा घ्यावा, त्यामुळे लोह अंगी लागते. जेवणाआधी व नंतर तासभर चहा टाळावा.

धीर धरा

अमेरिकेत मिनेसोटा येथे १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना सहा महिने निम्म्या आहारावर ठेवण्यात आले होते. त्यांचे वजन सुमारे चौथ्या हिश्श्याने घटले. ते चिडचिडे व उदास झाले. पुन्हा पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक महिनोन्महिने भागेना. म्हणून आहार वाढवताना मूल सारखे खायला मागत असल्यास हावरट म्हणून हिणवू नये. तो शरीराची झीज भरून काढण्याचा भाग आहे.

याउलट मूल वजन वाढण्याच्या भीतीने अन्न नाकारत असेल, लपवत असेल किंवा ओकून टाकत असेल, तर ते नखरे नसून आजार आहे. रागावून किंवा बळजबरीने तो बरा होत नाही. डॉक्टरांचा व मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येते.

ताण बसलेले झाड योग्य पाण्याने पुन्हा फुलते. मुलांच्या बाबतीतही आधी ताण ओळखावा, मग हलके सुरू करावे आणि नंतर मात्र हात आखडू नये. आज रात्री जेवताना घरातली मुलगी शेवटी बसते का, आणि तिच्या ताटात काय उरते, एवढे प्रत्येकाने जरूर पाहावे.