किनाऱ्यावर वल्हं मारण्याआधी

२० मार्चला महाडला चवदार तळ्यावर अभिवादन करून आपल्या नगर जिल्ह्यातली काही मंडळी पुढे श्रीवर्धन, हरिहरेश्वरला जातात. हल्ली मुलांना समुद्रात कयाक चालवायची असते. कयाक म्हणजे एक-दोन माणसांची अरुंद होडी, वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. व्यायाम उत्तम, खांदे, पाठ, पोट सगळेच कामाला लागतात. पण हा किनारा स्वतःच अजून दुखण्यातून उठतो आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन तालुक्यात किनाऱ्यावर धडकलं. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्यानं नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या, घरांचे पत्रे उडवले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. सुपारीचं रोप फळाला यायला पाच-सात वर्षं लागतात. भरपाईत झाडं मोजली जातात. वाडीतल्या मजुराचे बुडालेले दिवस कोण मोजणार?

अशा खाडीत मोडके बुंधे, पत्र्याचे तुकडे, फाटकी जाळी गाळात अडकून असू शकतात. भरतीला दिसत नाहीत, ओहोटीला होडी नेमकी त्यांवर जाते. म्हणून अनवाणी उतरू नका, जुने बूट घाला. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. घाण जखम झाली आणि पाच वर्षं उलटून गेली असतील, तर पुन्हा घ्यावं लागतं. जखम आधी साबण आणि स्वच्छ पाण्यानं भरपूर धुवा. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका.

आपण विहिरीत पोहायला शिकलेली माणसं. विहिरीला भरती-ओहोटी नसते, म्हणून फाजील धीर येतो. जीवरक्षक जाकीट होडीत ठेवायचं नसतं, अंगात घालून पट्टे आवळायचे असतात. सकाळी लवकर जा. दुपारकडे खारे वारे जोर धरतात आणि लाटा वाढतात. सकाळचा मतलई वारा मात्र जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, नवशिक्याला नकळत आत नेतो. त्यामुळे किनाऱ्याला समांतर, कंबरभर पाण्याजवळच राहा. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासानं पुढे सरकते. ती स्थानिक कोळी बांधवांना विचारा. ते ‘आज नको’ म्हणाले तर हुज्जत घालू नका.

पाण्याची बाटली सोबत हवी. दारू पिऊन उतरणाऱ्याला होडीत घेऊच नका, मग तो मेव्हणा का असेना. मिरगी किंवा हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. परतल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर चिखल-पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिसची तपासणी करता येते.