ताटकळलेल्याला आळशी म्हणू नये

लग्नघरी पुऱ्या करावयास चौघी बसल्या की काम चौपट वेगाने उरकेल, असे आपल्याला वाटते. परंतु कणीक मळणारी एकटीच असेल तर बाकीच्या तिघी हातात लाटणे घेऊन तिच्याकडे पाहत राहतात. त्यांना आळशी म्हणणे अन्यायाचे होईल.

अनेक प्रोसेसर एकाच कामाला जुंपणाऱ्या महासंगणकाचेही असेच आहे. आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रात, पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' हा असा समांतर संगणक तयार केला. अशी महागडी यंत्रे खरोखर किती राबतात, हे कसे ओळखावे?

एक हिशेब करून पाहू. तीन प्रोसेसरांना प्रत्येकी ६ सेकंद लागले आणि चौथ्याला १२. सरासरी निघते ७.५. आकडा ऐकावयास गोड, पण उत्तर मात्र १२ सेकंदांनीच हाती येते! तेच काम सारखे वाटता आले असते, तर ७.५ सेकंदांत संपले असते.

सरासरी जे लपविते, ते चित्र दाखविते. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेतील मायकेल हीथ आणि जेनिफर एथरिज यांनी 'पॅराग्राफ' नावाचे साधन रचले व १९९१ साली त्याचे विवेचन प्रसिद्ध केले. त्यात एका आलेखात प्रत्येक प्रोसेसरला एक आडवी पट्टी असते आणि काळ डावीकडून उजवीकडे सरकतो. रंग रस्त्यावरच्या सिग्नलचे: काम चालू असेल तेथे हिरवा, निरोपांच्या देवघेवीत वेळ जाईल तेथे पिवळा, रिकामा असेल तेथे लाल. दुसऱ्या एका आलेखात, कोणाचा निरोप कोणाकडे गेला हे तिरप्या रेषा सांगतात. लाल पट्टीच्या शेवटी आलेली रेषा मागे मागे पाहत गेले की खोळंबा कोणामुळे झाला ते सापडते.

आता प्रोसेसर लाखांनी मोजतात. एवढ्या पट्ट्या पडद्यावर मावत नाहीत, म्हणून अनेकांची मिळून एक पट्टी करावी लागते. येथे चित्रकाराने जपावयास हवे. गटाची नुसती सरासरी रंगविली, तर मागे राहिलेला तो एक पुन्हा दृष्टीआड होतो. सर्वांत जलद आणि सर्वांत मंद, दोघेही चित्रात दिसलेच पाहिजेत.

दोष देण्यापूर्वी वाटणी पाहावी, एवढे आम्ही यातून शिकलो. पुढच्या लग्नात कणीक मळावयास दोघी बसवू!